न उभारल्याचा दाखला

माणसाने स्वतःत सुधारणा जरूर करावी, पण पंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली असताना करू नये. एवढी एक गोष्ट आरोहीला कुणी आधी सांगितली असती तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण वडगेवाडीत सल्ला देणाऱ्यांची वाण नसली तरी तो वेळेवर देण्याची पद्धत नाही. काम बिघडलं की माणसं चहाला येतात आणि "मला तवाच वाटलं हुतं" म्हणून सांगून जातात.

वडगेवाडी पिरनवाडीच्या पुढे, खानापूर रस्त्यापासून जरा आत आहे. तिथे भात पिकतं, रताळी पिकतात आणि बातम्या तर बारमाही पिकतात. आरोही ही तिथल्या भावकू आणि जयाबाईंची लेक. डिप्लोमा करून ती बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत लागली होती, ओतून आलेला माल तपासायच्या खात्यात. पंपाचा एखादा भाग हातात घेऊन ती तो उलटासुलटा बघायची आणि पुढे पाठवायचा की भट्टीत परत टाकायचा ते ठरवायची. तिने पास केलेला माल गिऱ्हाइकाकडून परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. खात्याचे इन्चार्ज आता निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर आपण बसावं असं तिला वाटत होतं. वाटत होतं म्हणजे भाजीत मीठ कमी आहे असं वाटावं, तसं नव्हे. जेवताना, झोपताना, स्कूटर सुरू करताना तिला तेच एक वाटत होतं. त्या खुर्चीवर आजवर बाई बसलेली नव्हती, ही एक अडचण. दुसरी अडचण म्हणजे तिचा आवाज.

आरोहीचा आवाज हा स्वतंत्र विषय होता. घरात तो चांगला ठणठणीत होता. आईशी वाद घालताना तो परड्यातून निघून मागच्या आळीपर्यंत आरामात जायचा. पण समोर चार परकी माणसं उभी राहिली की तो छातीतच कुठेतरी बसकण मारायचा आणि तोंडातून नुसती हवा बाहेर यायची. डॉक्टरांनी घसा तपासून काही दोष नाही म्हणून सांगितलं होतं. त्यामुळे औषधाचीही सोय उरली नव्हती.

मॅनेजर हिरेमठ साहेब भला माणूस. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि खुर्ची दिली, तेव्हाच तिच्या लक्षात आलं की आता वाईट काहीतरी सांगणार.

"मॅडम, काम तुमचं एक नंबर हाय," साहेब म्हणाले. "खरं इन्चार्जला रोज सकाळी शिफ्ट सुरू व्हताना पाच मिनिटं बोलाय लागतंय. काल काय चुकलं, आज काय बघायचं. मराठी, कन्नड, हिंदी, तिन्ही बोलाय पायजे. तुमी बोलला की पुढच्या रांगंला बी ऐकू येत न्हाय री. महिनाअखेरच्या सोमवारी तुमी बोला. जमलं तर खुर्ची तुमची. न्हाय जमलं तर मग तो सदलग्याचा इंजिनियर हायच."

सदलग्याचा इंजिनियर नवाच लागला होता. त्याला अजून फारसं काही येत नव्हतं, पण ते तो मोठ्या आवाजात सांगत असे. आरोहीला त्याच्या हाताखाली काम करण्याची कल्पना काही सोसवेना. त्याच संध्याकाळी ती तिसऱ्या रेल्वे गेटजवळ, टायरच्या दुकानावरच्या माडीवर चालणाऱ्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासात जाऊन बसली.

क्लास चालवणारे प्रेमानंद सर निपाणीचे. हायस्कुलात मास्तरकी करून निवृत्त झालेले. त्यांनी आरोहीला नाव विचारलं, ते तीनदा विचारावं लागलं, आणि मग ते खूश होऊन म्हणाले, "हे लई सोपं हाय. आवाज गळ्यात नसतोय बाळ, आवाज ओळखीत असतोय. आईपुढं बोलतीस की न्हाय? मग ओळख वाढीव."

त्यांनी घरचा अभ्यास दिला तो असा. रोज कामावरून आल्यावर, जिथे आपलं जाणं-येणं नाही अशा घरी जायचं. दारात उभं राहून दोन्ही हात जोडायचे. हसायचं. समोरच्याच्या डोळ्यांत बघून विचारायचं, कसं चाललंय, काय अडचण हाय काय? तो सांगेल ते मधे न बोलता ऐकायचं. आणि निघताना नाव घेऊन निरोप घ्यायचा.

सर बेळगावात राहत होते. वडगेवाडीतला आरोहीच्या आळीचा प्रभाग महिलांसाठी राखीव आहे, आणि निवडणूक आज जाहीर होते की उद्या म्हणून माणसं कान टवकारून बसली आहेत, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. आरोहीला मात्र कळायला हरकत नव्हती. पण ज्याच्या डोक्यात खुर्ची बसलेली असते त्याला दुसरं काही सुचत नाही. ती नेमकी आपल्याच प्रभागात हात जोडून फिरायला निघाली.

पहिलं घर मनुबाईंचं. मनुबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. समोर उभी राहून हात जोडून हसणारी आरोही बघून त्यांनी निवडणं थांबवलं.

"कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं.

"कोण न्हाय मावशी. कसं चाललंय? काय अडचण हाय काय?" आरोही म्हणाली. म्हणजे तशी हवा तिच्या तोंडातून बाहेर आली.

मनुबाईंनी तिच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. मग तिच्या हसण्याकडे बघितलं. मग एकदम सूप बाजूला सारून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "बस गं बाई, बस. च्या ठेवतो." वडगेवाडीतल्या जुन्या बायका 'ठेवतो'च म्हणतात, त्यात पुरुषांशी बरोबरी वगैरे काही नसतं.

चहा होईपर्यंत मनुबाईंनी खांबावरचा दिवा कधीपासून बंद आहे ते सांगितलं. गटार कशी तुंबली आहे ते सांगितलं. सून कशी आहे तेही सांगितलं. आरोहीने सगळं मन लावून ऐकलं, कारण ऐकायला आवाज लागत नाही. निघताना तिने सरांनी सांगितल्याप्रमाणे नाव घेतलं, "येते मनुमावशी." मनुबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बिनघोर ऱ्हा. आमचं घर तुझ्या पाठीशी हाय." साध्या बोलण्याच्या सरावाला एवढा मोठा आशीर्वाद मिळाल्याचं आरोहीला नवल वाटलं, पण बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती पुढच्या आळीत गेली तर तिथे माणसं दारात वाटच बघत होती. तिसऱ्या दिवशी एका घरी पोहे तयार होते. कुणी तिला पाण्याच्या मोटारीचं गाऱ्हाणं सांगितलं, कुणी रेशनकार्डाचं, आणि मालुबाई नावाच्या एका म्हातारीने तर गुडघा उघडा करून दाखवला. आरोहीने प्रत्येकाच्या डोळ्यांत बघितलं. आठवडाभरात तिचा आवाज दारातून आतल्या खोलीपर्यंत जायला लागला. तिने सरांना फोन करून सांगितलं, "सर, माणसं उठून च्या देतात." सर म्हणाले, "बघितलीस? ही पद्धत कधी फेल जात न्हाय."

ती अक्काताईंच्या घरीही गेली. अक्काताई म्हणजे त्या प्रभागाच्या मेंबर. पण हे फक्त पंचायतीच्या कागदात. गाव मेंबर म्हणायचं ते त्यांच्या नवऱ्याला, भरमाला. मीटिंगला जायचा भरमा, भाषण करायचा भरमा, पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढायचा भरमा. अक्काताई सही करायच्या. आरोही गेली तेव्हा भरमा घरी नव्हता. अक्काताई तिला परड्यात घेऊन गेल्या आणि दोघी बराच वेळ बोलत बसल्या. एवढ्या घरांत फिरल्यावर "तुझी काय अडचण हाय गं?" असं उलट विचारणाऱ्या अक्काताई एकट्याच होत्या.

इकडे भरमाची झोप उडाली. शिकलेली पोरगी, कंपनीत नोकरी, घरोघरी फिरते, हात जोडते, गाऱ्हाणी ऐकते. आणि सगळ्यात भीतीदायक म्हणजे स्वतः काही बोलत नाही. त्याने घाईघाईने माणूस बोलावला आणि मनुबाईंच्या दारातला दिवा लावून घेतला. मग गटार काढून घेतली. मग पाण्याच्या मोटारीला हात घातला. भरमाने हे केलं ते आपलं नाव व्हावं म्हणून, पण गावाने हिशेब वेगळाच मांडला. पाच वर्षं बंद असलेला दिवा आरोहीने नुसतं ऐकलं आणि पेटला. निवडून यायच्या आधी ही तऱ्हा, तर निवडून आल्यावर काय करेल, असं लोक म्हणायला लागले.

घरी भावकूची पंचाईत झाली. डेअरीत दूध घालायला गेलं की माणसं त्याला बाजूला घेऊन विचारायची, "काय भावकूअण्णा, पोरगी निवडणुकीला उभारणार म्हणं?" भावकूला काहीच माहीत नव्हतं. पण आपल्याच घरातली बातमी आपल्याला माहीत नाही, हे चारचौघांत कसं कबूल करणार? तो गंभीर चेहरा करून म्हणायचा, "बघू. येळ आली की सांगू." त्यानंतर कुणाला शंकाच उरली नाही. लेक आपणहून सांगेल म्हणून तो वाट बघत राहिला, आणि न सांगितल्याबद्दल मनातून रुसलाही. युवक मंडळाची पोरं फोटो मागायला आली तेव्हा कशाला पाहिजे हे विचारणंही त्याला कमीपणाचं वाटलं. त्याने लेकीचा आणि आपला, दोन्ही फोटो देऊन टाकले.

आरोहीला खरा प्रकार कळला तो भरमा नारळ आणि केळ्यांचा घड घेऊन घरी आला तेव्हा. भरमाने इकडची तिकडची चौकशी केली, जयाबाईंच्या चहाची तारीफ केली आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "आरोही बाळ, तुझं अजून लई आयुष्य पडलंय. ह्या टायमाला अक्काताईला होऊ दे. पुढच्या टायमाला मी सोता तुझ्यासाठी दारोदार फिरतो."

आरोही थक्क झाली. गेल्या दोन आठवड्यांतले चहा, पोहे आणि आशीर्वाद तिच्या डोळ्यांपुढून सरकले.

"अण्णा, मी उभारणारच न्हाय," ती म्हणाली.

भरमा समजूतदारपणे हसला. त्याच्या आजवरच्या अनुभवात जो जो उभारला होता, तो तो शेवटच्या दिवसापर्यंत आपण उभारणार नाही असंच म्हणत होता. स्वतः भरमाही अक्काताईंच्या बाबतीत तेच म्हणत होता. त्यामुळे इतके दिवस त्याच्या मनात जी थोडी शंका होती ती आता गेली. केळी तिथेच ठेवून तो जड पावलांनी निघून गेला.

"मला न सांगता?" एवढंच जयाबाई म्हणाल्या.

"आई, मी खरंच उभारणार न्हाय."

"व्हय व्हय. बापाला बी असंच सांग," जयाबाई म्हणाल्या आणि वाढलेल्या पाहुण्यांसाठी जादा दूध सांगायला शेजारी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना खानापूर रस्त्याच्या बसथांब्यावर आरोहीने स्कूटर थांबवली. तिथे फ्लेक्स लागला होता. त्यावर ती स्वतः होती, कंबरेपासून वर, हात जोडून. फोटो मामेबहिणीच्या लग्नातला होता. तो कापताना शेजारच्या करवलीचा अर्धा कान आणि थोडा गजरा आरोहीच्या खांद्यावर राहून गेला होता. वर 'वडगेवाडीची वाघीण' असं लिहिलं होतं. खाली शुभेच्छुकांचे फोटो होते आणि त्यांत सर्वांत पहिला, फेटा बांधलेला, करड्या चेहऱ्याचा भावकू होता. आरोहीला रडावं की हसावं कळेना. ती तशीच पुढे गेली आणि तिच्या मागोमाग त्याच रस्त्याने हिरेमठ साहेबांची गाडी आली.

"मॅडम, निवडणुकीला उभारलायसा?" साहेबांनी विचारलं. ह्या खेपेला खुर्ची दिली नाही.

"न्हाय साहेब."

"फ्लेक्सवर हात जोडलेत ते तुमचेच न्हवं?"

"हात माझेच हाईत. पण मी उभारणार न्हाय."

"बघा, कंपनीचा नियम हाय. राजकारण करणारा माणूस इन्चार्ज चालत न्हाय. उद्या शिफ्ट सोडून तुमी सभेला गेलासा तर मी मालकांना काय सांगू? सोमवारच्या आत कायतरी लेखी आणा. न्हाईतर सोमवारी तुमचं बोलणं ठेवून उपयोग न्हाय."

आरोहीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पंचायतीच्या कचेरीत गेली. पीडीओ साहेब, म्हणजे तिथले मुख्य अधिकारी, मीटिंगला बेळगावला गेले होते. ते नेहमीच तिथे गेलेले असतात. क्लार्क आण्णाप्पा मात्र जागेवर होते. दाखला द्यायचा म्हटलं की आण्णाप्पांच्या अंगात उत्साह यायचा. जन्माचा, मृत्यूचा, रहिवाशाचा, एकत्र कुटुंबाचा, विभक्त कुटुंबाचा, कुठला पाहिजे तो ते द्यायचे.

"मला निवडणुकीला उभारली न्हाय म्हणून दाखला पायजे," आरोही म्हणाली.

आण्णाप्पांनी चष्मा काढून पुसला. "उभारल्याचा देतो. न उभारल्याचा फॉर्मॅटच न्हाय."

"साधं लिहून द्या की."

"साधं लिहून चालत न्हाय. आता असं हाय बघ," आण्णाप्पा मनापासून विचार करून म्हणाले. "आधी तू उभार. मग माघार घे. माघारीची नक्कल मिळती, शिक्क्यासकट. लई पक्की असती ती."

"मग आता उभारते... म्हंजे उभारून माघार घेऊ काय?"

"आता कसं? निवडणूक अजून जाहीर कुठं झाल्या?"

"म्हंजे आता कायद्यानं कोणच उभारलेलं न्हाय?"

"कोणच न्हाय."

"मग तेच लिहून द्या."

"तसं लिहिलं तर सगळ्या गावाचं लिहाय लागतंय. तेवढा अधिकार मला न्हाय, आणि सर्व्हर बी डाऊन हाय," आण्णाप्पा म्हणाले. मग तिचा उतरलेला चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं. हात हलवत पाठवायला नको म्हणून ते म्हणाले, "घरपट्टी ऱ्हायल्या तुमची. ती भरून जा, तेवढी पावती हातानं देतो."

आरोहीने घरपट्टी भरली. आता, उमेदवाराची घरपट्टी थकलेली चालत नाही, हे वडगेवाडीत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ती पावती घेऊन कचेरीच्या पायऱ्या उतरली तेव्हा कट्ट्यावर बसलेल्या माणसांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. संध्याकाळपर्यंत, अर्जसुद्धा भरला म्हणून बातमी झाली.

त्या दिवशी घरी येऊन आरोही जेवली नाही. तिला गावाचा राग आला, सरांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. ज्याला त्याला आपण नाही म्हणून सांगितलं, पण ते इतक्या हळू, इतकं अदबीने सांगितलं की कुणाला ते खरं वाटलंच नाही. आयुष्यात एकच गोष्ट इतकी मनापासून मागितली होती आणि ती हातातून चालली होती. भावकू दारात येऊन उभा राहिला. रुसवा विसरून त्याने विचारलं, "काय झालं गं?" तेव्हा तिने त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. कंपनी, खुर्ची, सदलग्याचा इंजिनियर, क्लास, सगळं.

भावकू तिच्याशेजारी येऊन बसला. "म्हंजे मी फोटो उगंचच दिलो," तो म्हणाला. मग म्हणाला, "रविवारी मंडळानं देवळासमोर मेळावा ठेवलाय तुझ्या नावानं. समदा गाव येणार. एकेकाला कशाला सांगतीस? तिथं सगळ्यांना एकदम सांग."

आरोहीने आधी साफ मान हलवली. पण विचार केला तशी तिला त्यातली वाट दिसली. गाव लेखी देत नव्हतं. ठीक आहे. पूर्ण गावापुढे आपण नाही म्हणून सांगायचं, त्याचा व्हिडिओ काढायचा आणि तो साहेबांपुढे ठेवायचा. मंडळाच्या पोरांना तिने एवढंच सांगितलं, मी बोलणार हाय, शूटिंग करा. पोरांनी आनंदाने दोन फोन लावले.

रविवारी दुपार कलताना मारुतीच्या देवळासमोर माणूस मावत नव्हतं. मनुबाई पुढे बसल्या होत्या. मालुबाई गुडघ्याला तेल लावून आल्या होत्या. भरमा शत्रूचं बळ बघायला म्हणून आला होता आणि बायकांच्या घोळक्यात अक्काताई होत्या. मंडळाच्या अध्यक्षाने स्वागत केलं, उपाध्यक्षाने प्रास्ताविक केलं, खजिनदाराने अध्यक्ष आणि उपाध्यक्षांचे आभार मानले आणि मग आरोहीच्या हातात माईक आला. तिने तोंड उघडलं आणि लाइट गेली.

माईक बंद झाला. आरोहीने मेलेल्या माईकमधूनच दोन वाक्यं बोलून बघितली. "ऐकू येत न्हाय," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे चेहरे तिच्याकडे वळलेले होते. तिने सवयीने एकेकाच्या डोळ्यांत बघितलं आणि तिच्या ध्यानात आलं की ह्या गर्दीत परकं कुणीच नाही. ह्या सगळ्यांच्या घरी ती चहा प्यायली होती. कुणाची सून कशी आहे आणि कुणाचा गुडघा कुठे दुखतो हे तिला पाठ होतं. तिने माईक खाली ठेवला. मग आईशी भांडताना यायचा तो आवाज आला.

"मी निवडणुकीला उभारणार न्हाय," ती म्हणाली, आणि ते देवळामागच्या चिंचेखाली गाड्या लावणाऱ्यांनाही ऐकू गेलं. "मी तुमच्या दारात आलते ती मतं मागाय न्हवं. बोलाय शिकाय आलते. मला कंपनीत इन्चार्ज व्हायचं हाय. माणसं बघितली की माझं तोंड बंद व्हतंय, ते उघडाय म्हणून आलते. तुमी च्या दिलासा, आपली समजून सगळं सांगितलासा. त्याचं ऋण हाय माझ्यावर. पण दिवा मी लावला न्हाय. गटार मी काढली न्हाय. ते भरमाअण्णांनी केलं. मी उभारणार म्हणून भ्याले आणि केलं. म्हंजे करता येत हुतं की. मग पाच वर्सं का झालं न्हाय? तुमी तुमची गाऱ्हाणी माझ्यासारख्या मुक्या पोरीला सांगत बसलासा, पंचायतीत जाऊन मोठ्यानं कोण बोलला न्हाईसा. मी शिकले न्हवं? मग तुमाला काय झालंय?"

भरमा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा निवळला होता. बाकीचं काही त्याच्या कानात शिरलंच नव्हतं. "म्हंजे खरंच उभारणार न्हाईस?" त्याने विचारलं.

"ती उभारणार न्हाय ते मला पयल्याच दिवशी म्हाईत हुतं," बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. अक्काताई उभ्या राहिल्या होत्या. "तिनं परड्यात बसून सगळं सांगितलं हुतं मला."

"मग मला का सांगितलं न्हाईस?" भरमा म्हणाला.

"सांगितलं असतं तर गटार निघाली असती काय?"

आधी बायका हसल्या. मग पुरुष हसले आणि मग हसणं थांबेचना. मनुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. हसणं ओसरेपर्यंत अक्काताई तशाच उभ्या होत्या, आणि ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "ह्या टायमाला बी मीच उभारणार. मीटिंगला बी मीच जाणार. हे घरात बसून सही करतील." अक्काताईंचा आवाज वडगेवाडीने चारचौघांत त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. टाळ्या वाजल्या त्या लाइट येईपर्यंत वाजत होत्या. भावकू तर उगाच शेजाऱ्याला धरून, "माझी पोरगी, माझी पोरगी" म्हणत होता, आणि शेजारी "म्हाईत हाय रं" म्हणत होता.

सोमवारी सकाळी आरोही फौंड्रीत पोचली तेव्हा व्हिडिओ तिच्या आधी पोचला होता. वडगेवाडीची माणसं त्या खात्यात होतीच.

"लेखी आणलासा?" हिरेमठ साहेबांनी विचारलं.

"न्हाय साहेब. तसा दाखला निघतच न्हाय."

"ऱ्हाऊ दे. बघितलो मी. घरात मिसेसला बी दाखवलो, तेवढीच चूक झाली," साहेब म्हणाले. "चला, बोला आता."

खात्यात माणसं गोळा झाली होती. मराठी होती, कन्नड होती, ओडिशाकडची होती. पलीकडे ग्राइंडरवर माल घासायचं काम चालूच होतं आणि त्याच्या आवाजात स्वतःचा विचारही स्वतःला ऐकू येत नव्हता. जुने इन्चार्ज त्या आवाजावर ओरडून बोलत. आरोही ओरडली नाही. "मशीन बंद करा," ती म्हणाली. मग कन्नडमध्ये म्हणाली. मग हिंदीत म्हणाली. एकेक ग्राइंडर घरघरत थांबलं. शेवटचं चालू होतं, ते सदलग्याच्या इंजिनियरने स्वतः जाऊन बंद केलं. साहेब कोपऱ्यात फोनवर बोलत होते. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "साहेब, फोन." साहेबांनी फोन खिशात टाकला.

मग ती बोलली. कालच्या मालात वाळू कुठे राहिली होती, का राहिली होती, आज साचा भरताना काय बघायचं. तीन भाषांत, कुठेही न अडखळता. बोलताना तिला आतून इतका आनंद होत होता की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तिने हातातल्या पंपाच्या भागाकडे नजर ठेवली. तिचं बोलून झालं तरी माणसं हलली नाहीत. का हलत नाहीत ते तिला आधी कळेना. मग कळलं की ती तिच्याच हुकमाची वाट बघत आहेत.

"सुरू करा," आरोही म्हणाली. अगदी हळू आवाजात म्हणाली, आणि ते शेवटच्या मशीनपर्यंत ऐकू गेलं.